बोलपेटीतला दुपारचा बिघाड

देविदास गावंडे यांची बोलपेटी पहिल्यांदा अडखळली ती जेवणाच्या ताटावर. एप्रिल लागला होता, अकोल्याचे रस्ते दुपारी ओस पडू लागले होते. त्यांची बायको ज्योत्स्ना दुसरी भाकरी वाढायला गेली, तेव्हा त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या पेटीतून आवाज आला, "पुरे. ठेचा वा वा वा वा..." आणि पेटी एकदम गप्प झाली. तिचा हिरवा दिवा विझला, परत लागला. मग ती म्हणाली, "ठेचा शाळेत."

ज्योत्स्नाला हसू फुटलं. देविदासरावही हसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी बाजू तीन वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेली होती आणि तिच्याबरोबर त्यांचं बोलणंही.

बोलणं जाणं म्हणजे काय, हे त्या घराला जास्तच कळलं होतं. देविदासराव बाजार समितीत तूर-हरभऱ्याचा लिलाव पुकारायचे. मालाच्या एका ढिगाऱ्यावरून दुसऱ्याकडे जाताना त्यांचा आवाज आवाराबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जायचा, आणि त्यांनी कधी हातात माइक धरला नव्हता. झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, "शब्द मेंदूत शाबूत आहेत. ते तोंडापर्यंत नेणारी वाट तुटली आहे."

वाटेतच तो निरोप पकडणारी यंत्रं एव्हाना जिल्ह्याच्या गावांतही मिळू लागली होती. मेंदूच्या ज्या भागातून ओठांना, जिभेला, कंठाला हुकूम सुटतात, त्याच्यावर केसाहून बारीक तारांची एक जाळी ठेवायची. माणूस 'पाणी' म्हणायला गेला की तिथल्या पेशी एका ठरावीक तऱ्हेने लुकलुकतात. जाळी ते टिपते आणि गळ्यातल्या पेटीकडे पाठवते. पेटीत छोटा संगणक असतो, आणि त्याच्या स्मृतीत त्याच माणसाचे हजारो नमुने भरून ठेवलेले असतात. असं लुकलुकलं तर 'पा', तसं लुकलुकलं तर 'णी'. जुळवणी झाली की पेटी बोलते. समितीतल्या लोकांच्या मोबाइलवर लिलावाची जुनी चित्रणं होती, त्यांतून कंपनीने देविदासरावांचा आवाजही जसाच्या तसा घडवून दिला होता. पहिल्या दिवशी त्या आवाजात "ज्योत्स्ना, चहा टाक" ऐकल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

कंपनीने यंत्राला लांबलचक नाव दिलं होतं. घरात सगळे बोलपेटीच म्हणत.

ठेचा शाळेत गेला त्या दिवसानंतर पेटी अधूनमधून घोटाळे करू लागली. कधी एकच अक्षर घोळत बसायची, कधी भलताच शब्द टाकायची, कधी मध्येच बंद पडून नव्याने सुरू व्हायची. देविदासराव चिडायचे. बोलायला गेलेला माणूस आणि बाहेर येणारं बोलणं यांच्यात फरक पडला की काय होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

ज्योत्स्नाने आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊनही तिची एक सवय गेली नव्हती. एखादी गोष्ट बिघडली की ती एका वेळी एकच बदल करायची आणि काय होतं ते पाहायची. तिने आधी बॅटरी बदलली. घोटाळा तसाच. मग चार्जर बदलला. तसाच. कंपनीच्या नागपूरच्या सेवा केंद्राने दुरूनच सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीने शेजारच्या कुलकर्णी वहिनींना "या, बसा" म्हणण्याऐवजी "या, बसा, सा, सा, सा" असा सूर लावला. सेवा केंद्राकडे तक्रार केली की उत्तर ठरलेलं असायचं. पेटी रोज पहाटे आपली आपण चाचणी करते आणि त्या चाचणीत सगळं ठीक आहे.

अशातच केतकी पुण्याहून आली. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. कडेवर आठ महिन्यांचा ईशान होता आणि डोक्यात एक बेत होता. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. आई-बाबांनी पुण्याला यावं, कायमचं यावं, असं तिला वाटत होतं. ईशानला आजी-आजोबा मिळतील, बाबांना मोठी रुग्णालयं जवळ पडतील, आईच्या एकटीच्या डोक्यावरचा भार हलका होईल.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने तो विषय काढला. ज्योत्स्ना ईशानला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने तिचं बोट मुठीत धरलं होतं. केतकी बोलत होती आणि ज्योत्स्नाच्या मनात पुण्याचं घर उभंही राहिलं होतं. सकाळी बाळाला अंघोळ घालायची, संध्याकाळी खाली बागेत न्यायचं. या तीन वर्षांत तिने स्वतःसाठी असं काही मागितलं नव्हतं.

देविदासरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेटी म्हणाली, "मी येणार नाही. तू जा. तू जा तू जा तू जा तू..." दिवा विझला. पुन्हा लागल्यावर ती म्हणाली, "पोतं ओलं आहे."

केतकी उठून त्यांच्याजवळ गेली. "बाबा, पेटी बिघडली आहे. राहू द्या, नंतर बोलू."

देविदासरावांनी डाव्या हाताने नाही, नाही अशी खूण केली. मग पेटी काढून टेबलावर ठेवली आणि डोळे मिटले.

"आई, ते कुणाला म्हणत होते, तू जा?" केतकीने आत आल्यावर विचारलं.

"कुणास ठाऊक. पेटी काहीही बोलते हल्ली."

ज्योत्स्ना हे सहज बोलून गेली. पण बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळी याच पेटीने ईशानला "माझं सोनं" म्हटलं होतं, आणि तेव्हा ते पेटीचं बोलणं आहे असं कुणीच म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी देविदासरावांना डॉ. मालपाणींकडे घेऊन गेल्या. जाळी त्यांच्याच देखरेखीखाली बसवली होती. दवाखान्यात थंडगार हवा होती आणि तिथे पेटी अगदी खणखणीत बोलली. डॉक्टरांनी देविदासरावांना बाहेर बसायला सांगितलं.

"अक्षरं घोळवणं, एका शब्दाच्या जागी दुसरा येणं, हे दुपारीच जास्त होतं ना?" त्यांनी विचारलं. "माणूस दिवसभरात थकतो. मेंदू आतून झिजायला लागला की पहिल्यांदा असंच दिसतं. सकाळी ठीक, दुपारनंतर गोंधळ. कंपनी म्हणते पेटी चांगली आहे. मग मला दुसरीकडेच बघावं लागेल."

"म्हणजे बाबांना समजत नाही, असं म्हणताय का?" केतकीने विचारलं.

"आज समजतं. पण इथून पुढे मोठे निर्णय तुम्हीच घेतलेले बरे. त्यांना पुण्याला नेणार असाल तर लवकर न्या. त्यांचा नकार फार मनावर घेऊ नका."

केतकीचे डोळे भरून आले. ज्योत्स्ना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि ते चालू असतानाच तिला स्वतःला जरासं मोकळं झाल्यासारखं वाटलं. नकार मनावर घ्यायचा नाही, म्हणजे पुण्याला जायचं. ते मोकळेपण तिचं तिलाच खुपलं.

केतकी परत गेली. महिनाअखेरीस सामान हलवायचं ठरलं. ज्योत्स्नाने भांडी बांधायला काढली, पण हात चालेना. डॉक्टरांच्या बोलण्यात एक गोष्ट तिला शिक्षिका म्हणून खटकत होती. दुपारी माणूस थकतो हे खरं. पण दुपारी नुसता माणूसच बदलत नाही. अकोल्यात दुपारी घरातली प्रत्येक वस्तू तापते. पितळी कडी हात लावू देत नाही. मग गळ्यातली पेटी तरी थंड कशी राहील? आणि पेटीची चाचणी व्हायची पहाटे, डॉक्टरांची तपासणी व्हायची गार खोलीत. ज्या वेळी दुखतं त्या वेळी कुणीच नाडी धरली नव्हती.

एका दुपारी तिने देविदासरावांना कूलरसमोर बसवलं. पेटी नीट बोलली. पण यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. कूलरने पेटी गार झाली तसा माणूसही गार झाला होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. त्या वेगळ्या करायच्या तर माणसाला बाजूला ठेवून पेटीलाच बोलतं करायला हवं होतं.

तिने नागपूरला फोन लावला. या वेळी तक्रार न सांगता तिने तिथल्या अभियंत्याशी बोलायचं आहे म्हणून सांगितलं. फोनवर फरहाना शेख नावाच्या बाई आल्या. ज्योत्स्नाने विचारलं, "जाळीकडून येणारे संकेत साठवून ठेवून तेच पेटीला पुन्हा ऐकवता येतात का?"

"येतात. सरावासाठी तशी सोय आहे, पण ग्राहकांना आम्ही ती दाखवत नाही. तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

ज्योत्स्नाने सांगितलं. फरहानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी फोनवर सांगते तसं करा. फक्त संकेत पेटीच्या स्मृतीत ठेवू नका. तीच बिघडली असेल तर साठवलेलंही बिघडेल. तुमच्या मोबाइलवर उतरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात अजून सावली असताना, ज्योत्स्ना देविदासरावांसमोर बसली. "काहीतरी बोला, थोडं लांबलचक. मला ते साठवायचं आहे."

देविदासरावांनी विचार केला. मग पेटीतून पूर्वीचा लिलाव सुरू झाला. माल कुठल्या गावचा, दाणा कसा, ओल किती, बोली कुणाची, तिच्या वर कोण. एकही अक्षर घसरलं नाही. भिंतीपलीकडून कुलकर्णी वहिनी डोकावल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या.

दुपारी ऊन ऐन भरात असताना ज्योत्स्नाने देविदासरावांच्या गळ्यातली पेटी काढून घेतली. ते आतल्या खोलीत पलंगावर पडले. तिने पेटी खिडकीच्या कट्ट्यावर तापू दिली आणि मोबाइलवरचे सकाळचे संकेत तिला ऐकवायला सुरुवात केली. संकेत तेच होते. त्यांत थकवा नव्हता, वय नव्हतं, गोंधळ नव्हता.

पेटी दाण्यापर्यंत नीट आली. मग म्हणाली, "ओल, ओल, ओल, ओ ओ ओ," बंद पडली, उठली आणि म्हणाली, "बोली पावसाची."

ज्योत्स्नाने पेटी कूलरसमोर धरली. पत्रा हाताला गार लागल्यावर तेच संकेत पुन्हा दिले. लिलाव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ झाला. तिने पुन्हा पेटी तापवली, पुन्हा ती अडखळली. गार केली, सुधारली.

आतून काठीचा आवाज आला. देविदासराव दारात येऊन उभे होते. पेटी तिच्या हातात असल्याने ते बोलू शकत नव्हते. पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डावा हात स्वतःच्या कपाळावर ठेवला, मग बोट पेटीकडे केलं आणि तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाहेर बसवलं होतं तरी आत काय बोलणं झालं असेल, ते त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. इतके दिवस हा माणूस आपलं डोकं चाललं या भीतीत एकटा बसला होता.

"तुम्हाला काही झालं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "पेटीला झालंय."

ते दाराच्या चौकटीला टेकले आणि लहान मुलासारखे रडले.

फरहाना स्वतः आल्या. चाळिशीच्या, थोड्या घाईत बोलणाऱ्या, आल्या आल्या चपला काढून थेट कामाला बसणाऱ्या. त्यांनी पेटी उघडली, गरम हवेच्या झोताखाली धरली आणि तापलेली असतानाच स्मृतीची चाचणी लावली. थोड्याच वेळात त्यांनी ज्योत्स्नाला जवळ बोलावून भिंगातून दाखवलं.

"ही स्मृतीची चिप. हिला सर्किटच्या पाटीशी जोडणारा हा सोल्डरचा टाका बघा, इथे केसासारखी चीर आहे. गार असताना दोन्ही कडा टेकलेल्या राहतात. तापलं की धातू फुगतो, चीर उघडते आणि चिपच्या एका कोपऱ्यातून चुकीचं वाचलं जातं. त्या कोपऱ्यात ज्या अक्षराचा नमुना असेल ते अक्षर घोळतं, नाहीतर भलताच शब्द येतो, आणि फार झालं की पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते."

"पण दर वेळी वेगळंच का बिघडायचं?"

"पेटी दर वेळी सुरू होताना नमुने वेगवेगळ्या जागी मांडते. कोपरा तोच, त्यात येऊन बसणारं अक्षर वेगळं. म्हणून आम्हालाही वाटलं प्रणालीतच काहीतरी आहे. पुसून भरत राहिलो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काकांना फार त्रास झाला. आमच्याकडून हे आधीच तपासलं जायला हवं होतं."

नवी पाटी बसली. फरहानांनी सगळा प्रकार डॉ. मालपाणींना फोन करून सांगितला. डॉक्टरांनी ज्योत्स्नाशी बोलायला मागितलं. "बरं झालं तुम्ही थांबला नाहीत," ते म्हणाले. "मी पेटीवर विश्वास ठेवला आणि पेशंटवर शंका घेतली. पुढच्या वेळी उलटं करून पाहीन."

फरहाना गेल्या. घरात आता काही बिघडलेलं उरलं नव्हतं, आणि ज्योत्स्नाला त्याचीच धास्ती वाटत होती. सकाळच्या वेळी पेटी खरं बोलते, हे तिला पहिल्यापासून दिसत होतं. एखाद्या सकाळी चहा देताना विचारलं असतं, तर तेव्हाच उत्तर मिळालं असतं. तिने एकदाही विचारलं नव्हतं.

तिने बांधायला काढलेली भांडी बाजूला सारली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"केतकी विचारत होती त्या दिवशी, पुण्याला जायचं का. तुम्ही काय म्हणालात ते पेटीने नीट सांगितलं नाही."

"सांगितलं होतं," पेटी म्हणाली. "मी येणार नाही. तू जा."

तिने पेटीकडे पाहिलं. पेटीचा दिवा हिरवागार होता.

"का?" तिने शेवटी विचारलं.

"इथे मी बोललो की लोक मागे वळून बघतात. म्हणतात, देविदास आला. हा आवाज त्यांच्या कानांत आहे. पुण्यात तो कुणी ऐकलेला नाही. तिथे बोललो तर पेटी बोलली, एवढंच वाटेल लोकांना."

ज्योत्स्ना इतकी वर्षं या आवाजाबरोबर राहत होती आणि हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आणि मी? मला जा म्हणता. मी नकोय का तुम्हाला?"

"हवीस. पण त्या पोराला मांडीवर घेतलं तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. झटका आल्यापासून तसा बघितला नव्हता. माझ्यासाठी थांबलीस तर रोज तो चेहरा मला आठवेल."

"तुमचं खाणं-पिणं? औषधं?"

"धाकटा भाऊ आहे. त्याची बायको आहे. दोन घरं सोडून तर राहतात. आणि मी काही तान्हा नाही."

"मला राग आलाय," ज्योत्स्ना म्हणाली.

"येऊ दे."

तिने केतकीला फोन केला. पलीकडून ईशानचं रडणं ऐकू येत होतं. "पेटी दुरुस्त झाली. डोक्याला काही झालेलं नाही बाबांच्या. ते येत नाहीत."

"आई, पुन्हा एकदा तपासून घे ना. चुकून..."

"चुकून नाही. त्यांचं म्हणणं आहे ते. आणि ते धरूनच आपल्याला चालावं लागेल." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी येते. तुझी रजा संपायच्या आत पोहोचते. चार महिने राहीन, मग बघू."

केतकीने आधी ईशानला उगी केलं. मग म्हणाली, "बाबा जवळ आहेत का? दे त्यांना."

फोन देऊन ज्योत्स्ना अंगणात गेली. बाप-लेकीचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. केतकी रडत होती, पेटीतला तो भारदस्त आवाज तिला समजावत होता, मध्येच तिच्यावर रागावतही होता.

जूनच्या मध्याला पुण्यात एका दुपारी ईशान नुकताच झोपला होता आणि ज्योत्स्नाचा मोबाइल वाजला. पडद्यावर देविदासराव होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"उद्या समितीत जातोय," ते म्हणाले. "नव्या पुकारणाऱ्याला बरं नाही. मी म्हटलं, मी पुकारतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? त्या धुळीत काठी टेकत दिवसभर उभं राहणार?"

"खुर्ची देतायत."

"खुर्ची देवोत नाही तर सिंहासन. डॉक्टरांना विचारलं?"

"लिलावाचं डॉक्टरांना काय कळतं?"

"तुम्ही जायचं नाही, सांगून ठेवते. भाऊजींना फोन लावते आत्ता."

"लाव. तोच सोडायला येतोय मला."

ज्योत्स्नाचा आवाज चढला. देविदासरावांचाही चढला. जुनी भांडणं वर आली, कुणी कुणाचं कधी ऐकलं नाही ते सगळं निघालं. पेटी एकदाही अडखळली नाही. शेवटी देविदासरावांनी "ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

केतकी घरूनच चाललेली ऑफिसची बैठक अर्धवट सोडून दारात आली होती. "आई, काय झालं? एवढं जोरात काय चाललंय?"

ज्योत्स्नाचे गाल तापले होते. तिने पदराने तोंड पुसलं.

"काही नाही. भांडलो," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या लिलावाच्या वेळी कुणीतरी मोबाइल धरून उभं राहील का, ते विचार ना तुझ्या काकांना. मला ऐकायचाय."